आपल्या बेटाची जर्सी

आम्ही घरात चौघं. चौघंही एका बेटाचे नागरिक, आणि ते बेट चौघांपैकी एकानंही पाहिलेलं नाही. कॅरिबियन समुद्रात आहे म्हणतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर त्या देशानं आमचं काही वाईट केलेलं नाही, आणि नाव सांगूनही तुम्हाला ते नकाशात सापडायचं नाही. आम्हालाही पहिल्यांदा सापडलं नव्हतं. दादानं फोनवर नकाशा मोठा मोठा करत नेला तेव्हा निळ्या पाण्यात मोहरीएवढं काहीतरी दिसलं. आई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "हे होय? मला वाटलं काचेवर काहीतरी पडलंय." मग तिनं ओढणीनं ते पुसूनही पाहिलं.

तेव्हा आम्ही अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो. बाहेरून बघणाऱ्याला व्हिला. आत शिरलं की कळायचं, मालकानं त्याचे सहा तुकडे केलेत आणि त्यातला एक आमचा. दोन खोल्या, एक हॉल, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर शेजाऱ्यांच्या एसीचा डबा. त्या डब्याची घरघर, पलीकडच्या मल्याळी कुटुंबाच्या कुकरच्या शिट्ट्या, दिवसातून पाच वेळा बांग, आणि या सगळ्यावर ताण करणारा बाबांचा आवाज. मुसफ्फा या तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत बाबांचा एसीच्या डक्टचा कारखाना होता. पत्र्याच्या ठोकाठोकीत आयुष्य गेल्यामुळे ते घरीही समोरचा बहिरा असल्यासारखेच बोलायचे. आईचं अर्धं कपाट कोल्हापूरहून आणलेल्या कांदा-लसूण चटणीच्या बरण्यांनी भरलेलं. सुटीच्या दिवशी मटण शिजलं की तिखटाच्या वासानं मल्याळी बाई खिडकी लावून घ्यायची आणि तासाभरानं वाटी घेऊन दारात यायची.

बाबा कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉलचे. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. तिकडे पेठेपेठेची तालीम असते, तालमीचा संघ असतो, आणि सामन्याच्या दिवशी दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या मेव्हण्यालाही लोक ओळख देत नाहीत. बाबा आपल्या तालमीच्या संघात चार हंगाम होते. चारही हंगाम राखीव. मैदानावर लाउडस्पीकर असायचा, त्यावर खेळणाऱ्या अकरा जणांची नावं मोठ्या झोकात पुकारली जायची, आणि बाबा बाकावर बसून ती ऐकायचे. राखिवांची नावं वाचेपर्यंत सामना सुरू व्हायचा. ही गोष्ट ते आम्हाला दर महिन्याला एकदा तरी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "एकदा, फक्त एकदा माझ्या पोराचं नाव देशाच्या नावासकट माईकवर ऐकायचंय. मग डोळे मिटले तरी बेहत्तर." आई म्हणायची, "मिटा की. वीज वाचेल."

दादा खेळायचाही बरा. माझ्या मते बरा, बाबांच्या मते लई भारी, आणि ॲकॅडमीच्या कोचच्या मते "गुड ॲटिट्यूड". अडचण एकच होती, त्याला देश नव्हता. जन्म इथला, पण इथे जन्म मिळतो, देश मिळत नाही. भारताचा होता, पण तिकडे खेळायचं तर तिकडे जाऊन राहायला हवं, आणि शिक्षण संपेपर्यंत आई सोडायला तयार नव्हती. दादा एकोणीस वर्षांचा झाला. बाबांना रात्रंदिवस तो लाउडस्पीकर ऐकू यायला लागला.

अशा वेळी माणसाला देव भेटतो किंवा एजंट. बाबांना एजंट भेटला. काचेचं ऑफिस, गुळगुळीत केस, खजूर आणि कावा, म्हणजे अरबी कॉफी. तो पैसे गुंतवून पासपोर्ट मिळवून देणारा होता. पाठ केल्यासारखं सगळं सांगायचा, किती देशांत व्हिसा लागत नाही, टॅक्स कसा नाही, म्हातारपण कसं सुखात जाईल. लोक असल्या ठिकाणी पोरांच्या शिक्षणाचं विचारतात, धंद्याचं विचारतात. बाबांनी एकच विचारलं, "उनका फुटबॉल टीम है क्या?"

एजंटनं खजुरांची ताटली पुढे सरकवली. मग म्हणाला, "सर, सब कुछ है. बीच भी है."

"मेरा लडका खेलेगा?"

"सिटिझन है तो क्यूं नहीं खेलेगा? इन्शाल्ला, सर."

आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला 'इन्शाल्ला' म्हणजे काय हे कळायला हवं होतं. प्लंबर इन्शाल्ला म्हणतो तेव्हा तो येत नाही. पण बाबांनी कोल्हापूरचा, कळंब्याजवळचा प्लॉट विकला. "सहा लाख दिरहम," ते म्हणाले आणि लगेच स्वतःच मोठ्यानं रुपये केले, "म्हणजे सव्वा कोटीच्या वर," आणि आकडा ऐकून स्वतःच खाली बसले. तरी सही केली. नवे पासपोर्ट आले तसे जुने परत करावे लागले, कारण भारताला दोन घरचा पाहुणा चालत नाही. काउंटरवरच्या माणसानं आमच्या चारही पासपोर्टांवर 'रद्द'चा शिक्का मारून ते आमच्याच हातात दिले. आईनं ते घरी आणून देव्हाऱ्याच्या खणात ठेवले आणि विचारलं, "मग आता आपण कोण?"

"टेक्निकली, आयलंडर्स," दादा म्हणाला.

"तुझं टेक्निकली घाल चुलीत," आई म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली.

आपलं बेट हरायचं. अधूनमधून नाही, नेमानं. डाव्या हाताच्या बेटाकडून हरायचं, उजव्या हाताच्या बेटाकडून हरायचं, आणि एकदा तर अशा बेटाकडून हरलं की ज्याची सगळी वस्ती, दादानं हिशेब काढला, आमच्या गल्लीतल्या व्हिलांत बसली असती. तिकडची संध्याकाळ ती आमची पहाट. बाबा बनियनवर, हातात चहा, समोर लॅपटॉप. एकच कॅमेरा, तोही हलायचा नाही, आणि त्याच्यासमोर एक हॅटवाला माणूस कायम उभा. त्या हॅटच्या कडेकडेनं बाबा देशाचं भवितव्य बघायचे. "मार की मर्दा! पायाला मेंदी लावलीय काय?" हरल्यावर रेफ्री विकला गेलेला असायचा, मैदान ओलं असायचं, किंवा हॅटवाल्यामुळे लय तुटलेली असायची. एकदा एक-एक अशी बरोबरी झाली. बाबांनी मुसफ्फात अख्ख्या कारखान्याला जिलेबी वाटली. फोरमननं विचारलं, "क्या सेठ, बिटिया की शादी पक्की?" बाबा म्हणाले, "नहीं, ड्रॉ हुआ." माझ्या लग्नात त्यांनी वाटलेली जिलेबी त्यापेक्षा कमी होती, हे आज इतक्या वर्षांनी नमूद करून ठेवते.

बेटाचं राष्ट्रगीतही त्यांनी पाठ केलं. फोनवर ऐकून ऐकून, अंघोळ करताना, दोन्ही कडवी. इंग्रजी गीत, पण बाबांच्या गळ्यात गेलं की त्याला आरतीची चाल लागायची. दुसऱ्या कडव्याला तर आईचा हात आपसूक घंटेकडे जायचा.

आणि मग खुद्द टीमच आली. कुठल्याशा आशियाई देशाशी सामना होता, त्याआधी आठ दिवस सरावासाठी ती अबूधाबीत उतरणार होती. बाबांनी टीमच्या इंटरनेटवरच्या पानावर निरोप टाकला की मी तुमचा नागरिक, जेवायला घरी या. तासाभरात होकार आला. मला वाटतं, त्यांना आयुष्यात कोणी निरोप टाकलाच नसावा. इथल्या एका क्लबच्या दुसऱ्या फळीशी त्यांचा सरावाचा सामना ठरला होता, त्याच्या आदल्या दुपारी जेवण ठरलं. आईनं दोन दिवस आधी मसाला भाजला. बारा किलो मटण आलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी, भात. पातेली मावेनात म्हणून कारखान्यातून पत्र्याचे दोन नवे कोरे ट्रे आले, जे मुळात कोणाच्या तरी एसीत बसायचे होते.

अठरा खेळाडू आणि एक मॅनेजर. उंच, शांत, शर्टाची घडी न मोडलेला माणूस, मिस्टर विल्फ्रेड. बेटावर ते शाळेचे हेडमास्तर होते. कप्तान कस्टममध्ये कारकून, गोलकीपर पोस्टात. हॉलमध्ये एवढी माणसं बसल्यावर एसीचं काही चालेना. लग्नात पत्रिका मांडतात तसे बाबांनी टीपॉयवर चारही पासपोर्ट मांडले होते. दादाला इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसवलं होतं. दादा माझ्याकडे बघत नव्हता, कारण मी हसले असते.

मिस्टर विल्फ्रेडनी पासपोर्ट हातात घेतले, उलटसुलट पाहिले, आणि इंग्रजीत विचारलं ते मी मराठीत लिहिते. "सर, या मुलाची आजी कुठे जन्मली?"

"गडहिंग्लज," बाबा अभिमानानं म्हणाले.

"ते आमच्या बेटावर आहे?"

"नो, नो. कोल्हापूर डिस्ट्रिक्ट."

"आणि दुसरी आजी?"

"निपाणी."

मिस्टर विल्फ्रेडनी पासपोर्ट हळूच खाली ठेवले. हेडमास्तर नापास पोराच्या बापाशी बोलतात तसं ते समजावून सांगायला लागले. जागतिक फुटबॉलचा नियम आहे. नुसता पासपोर्ट चालत नाही. खेळाडू स्वतः, नाहीतर त्याचे आईबाप, नाहीतर आजी-आजोबा तिथे जन्मलेले हवेत. नाहीतर अठरा वर्षांनंतर त्यानं तिथे पाच वर्षं राहिलेलं हवं.

बाबा अडचणीत आले की हिंदीत शिरायचे. "लेकिन वो एजंट बोला... सिटिझन है ना हम..."

"आहात ना, सर. पासपोर्ट आमचं सरकार विकतं," मिस्टर विल्फ्रेड म्हणाले. "जर्सी आम्ही विकत नाही."

अठरा जण जमिनीकडे बघत बसले. बाबांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. दादा उठून पाण्याचे ग्लास भरायला लागला. तेवढ्यात आई दारात आली, तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा टीपॉयकडे, आणि म्हणाली, "वाढते."

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकलं असतं. दुखावलेला कोल्हापूरकर भांडत नाही, वाढतो. आमच्यात पाहुण्याची वाटी रिकामी दिसली म्हणजे यजमानाची लाज गेली. नको असेल तर वाटीवर आडवा हात धरायचा, तरी दोनदा ओतायचंच, तिसऱ्यांदा माघार. हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? आणि त्यांच्या बेटावर, हे मला कप्तानानं नंतर सांगितलं, बाईनं रांधलेलं भांड्यात उरवणं म्हणजे तिचा अपमान. त्यामुळे ते वाटी संपवायचे की बाबा भरायचे, बाबा भरायचे की ते संपवायचे. दोन्हीकडे माणसं सभ्य, त्यामुळे थांबणार कोण? तिखटाचं त्यांना काही नव्हतं, उलट गोलकीपरनं खिशातून आपल्या बेटाच्या मिरचीची बाटली काढून तांबड्यात ओतली आणि आईनं पहिल्यांदा त्या देशाबद्दल आदरानं मान हलवली. पण पांढरा रस्सा, नारळाचं दूध घातलेला, पिताना पाण्यासारखा जातो आणि पोटात गेल्यावर आपली ओळख देतो. कप्तानानं अकरा वाट्या घेतल्या. मी मोजल्या. बाबा डोळ्यांत पाणी घेऊन वाढत होते, ते म्हणत होते तिखटाचं पाणी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बाबांचा फोन वाजला. मिस्टर विल्फ्रेड. आवाज खोल गेलेला. अठरांपैकी आठ जण हॉटेलच्या खोलीबाहेर येऊ शकत नव्हते, म्हणजे खरं तर खोलीच्याही नाही, बाथरूमच्या. दहा राहिले होते, अकरा वाट्या पचवलेला कप्तान त्यांत होता, पण दोघांचा भरवसा नव्हता. सामना सरावाचा आहे, ते म्हणाले, त्याची कुठे नोंद होत नाही, नियम लागत नाही. तुमच्या मुलाला घेऊन या. बूट आणा.

बाबांनी फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. "मी फक्त आग्रह केला," ती म्हणाली. पुढे आयुष्यभर तिनं यापलीकडे एक अक्षर सांगितलं नाही. माझा संशय मात्र गेलेला नाही, कारण आदल्या दिवशी नियम ऐकल्यावर तिनं स्वयंपाकघरात जाऊन पांढऱ्या रश्श्यात तुपाची आणखी एक पळी सोडली होती.

मैदान म्हणजे क्लबच्या मागचं सरावाचं. दुपारचे चार, कडेला दहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक वॉटर कूलर. लाउडस्पीकर नव्हता. बाबांनी आल्या आल्या तेच शोधलं. प्रेक्षकांत बेटाचे नागरिक म्हणून आम्ही तिघं. दादाला आजारी डिफेंडरची जर्सी मिळाली होती, गुडघ्यापर्यंत येणारी. सरावाच्या सामन्याला राष्ट्रगीत नसतं, पण बाबा खुर्चीतून उठले, हात बाजूला ताठ धरले, आणि सुरू झाले. आरतीच्या चालीत. मी खुर्चीखाली जाण्याच्या बेतात होते. तेवढ्यात मैदानात कप्तान थांबला, त्यानं छातीवर हात ठेवला आणि तोही गायला लागला. मग बाकीचे. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं. दुसरं कडवं फक्त बाबांना येत होतं, ते त्यांनी एकट्यानं पुरं केलं आणि बसले.

सामन्याबद्दल काय सांगायचं? पाच-शून्य हरलो. मध्यंतरालाच दोन खेळाडू पोट धरून गेले, आपण नऊच जण उरलो. दादानं चार पास बरोबर दिले, एक चेंडू छान अडवला, आणि शेवटी शेवटी त्यांचा एक पोरगा निसटायला लागला तेव्हा त्याची पँट ओढली. पेनल्टी. पाचवा गोल त्याचाच. बाबा टाळ्या वाजवत होते. "बघितलंस? सोडलं न्हाई त्याला!"

सामना संपल्यावर दादानं जर्सी काढली तेव्हा मॅनेजरनी हात पुढे केला. एकच संच आहे, ते अवघडून म्हणाले, आशियातल्या सामन्याला लागेल. दादानं ती घडी करून दिली. जर्सी भिंतीवर लावायची म्हणून बाबांनी फ्रेमवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. जाताना मिस्टर विल्फ्रेडनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "पाच वर्षं येऊन राहा. मी वाट पाहीन."

मुसफ्फाच्या सिग्नलला गाडी थांबली. मग बाबा म्हणाले, "पाच वर्षं म्हणाला. पाचच."

"आधी तुम्ही राहून या," आई म्हणाली. "मी डबा पाठवते."

दादा घरात सगळं इंग्रजीत बोलायचा, अगदी 'मीठ दे' सुद्धा. त्या दिवशी मराठीत बोलला. "बाबा, खलास. मला नुसतं खेळायचं होतं. देश तुम्हाला पाहिजे होता."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या पिकअपनं हॉर्न दिला तरी बाबांनी गाडी हलवायला वेळ लावला.

पुढच्या वर्षी दादा स्वतःच म्हणाला, खेळायचंच आहे तर तुमच्या तालमीकडून खेळतो. बाबा महिनाभर जमिनीवर नव्हते. आम्ही सगळे कोल्हापूरला गेलो. तालमीच्या सेक्रेटरींनी दादाला मिठी मारली, खेळ बघितला, मान डोलावली, आणि नोंदणीचा फॉर्म भरताना पासपोर्ट उघडून चष्मा चढवला. मग बाबांना म्हणाले, "भावा, पोरगं आपलं हाय. पण कागद परदेशी हाय." स्पर्धेत परदेशी खेळाडू मैदानात दोनच उतरवता येत, आणि तालमीनं आफ्रिकेतून आणलेले सहा-सहा फुटांचे दोघं आधीच ठरलेले. दादाचं नाव परदेशींच्या यादीत तिसरं गेलं. म्हणजे राखीव. बाकही तोच, फक्त रंग नवीन दिलेला.

स्टेडियम खचाखच भरलेलं. आम्ही पायऱ्यांवर. माईक खरखरला, अकरा नावं झाली, प्रत्येक नावाला शिट्ट्या. सामना सुरू व्हायला थोडा उशीर होता म्हणून की काय, निवेदकानं राखिवांचीही नावं घेतली. आणि मग तो घसा साफ करून म्हणाला, "राखीव खेळाडूंमध्ये... वेस्ट इंडीजचा आंतरराष्ट्रीय खेळाडू... अभिजित!"

बेटाचं नाव त्यालाही सापडलं नसणार. पण सगळं स्टेडियम उठलं, बाकावर दादानं डोक्याला हात लावला, आणि बाबा उभे राहिले. हात बाजूला ताठ. लोक ओरडून ओरडून खाली बसले, सामना सुरू झाला, चेंडू या टोकाचा त्या टोकाला गेला, तरी बाबा उभेच. गालावरून ओघळ येत होते आणि या वेळी तिखटाचं नाव सांगायचीही सोय नव्हती.

मागून एक पोरगं ओरडलं, "ओ मामा, बसा की खाली! काय दिसंना झालंय."

आई मागे वळली. "राहू दे रे उभं," ती म्हणाली. "परदेशी आहेत ते."